नवव्या मात्रेपासून

“मॅडम, नीवु फॉलो माड्री,” डीजे म्हणाला. तुम्ही माझ्या मागून या, एवढाच त्याचा अर्थ. हेडफोन एका कानावर चढवलेला, दुसरा कान मोकळा, दोन्ही हात यंत्रावर. माझ्याकडं त्यानं धड वळूनसुद्धा बघितलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाचा तसा काही दोष नव्हता. पण वयाच्या नवव्या वर्षापासून मी दुसऱ्याच्या लयीमागं धावत आले आहे, आणि पन्नाशी ओलांडल्यावर हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या कोंदट खोलीत, तिशीतला एक अनोळखी इसम मला पुन्हा तेच करायला सांगत होता. मी लॅपटॉप मिटून खाली उतरले असते. भाचीला शब्द दिला होता म्हणून बसले.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, धारवाडात तबला शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. बोलणं बरंचसं परत आलं, चालणं काठीवर आलं, हात काही आला नाही. तेव्हापासून तबल्यावरची खोळ त्यानं काढली नाही. घरात कुणी रेडिओवर तबला लावला की तो उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला एकटीला गाठलं. “आत्या, माझ्या लग्नात बाबांचा तबला वाजलाच पाहिजे. तुझ्याकडं रेकॉर्डिंग आहेत की. डीजेबरोबर लाव, मी त्यावर नाचणार. आणि बाबांनी समोर बसून ऐकायला पाहिजे. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर ते हॉलमध्ये पायसुद्धा ठेवायचे नाहीत.”

डीजे नवऱ्याकडच्यांनी ठरवलेला. दुर्गदबैलात कापडाचं दुकान असलेली, तीन पिढ्यांमागं सांगलीकडून आलेली माणसं. त्यांनी रिसेप्शनमधली सात मिनिटं आम्हाला दिली. नवऱ्या मुलाच्या चुलतभावानं ती देताना फोनवर ऐकवलंच, “फक्त क्लासिकल जास्त नको हं मावशी, लोक जेवायला उठून जातात.” मी त्याची मावशी नव्हे. पण सोयरिकीत असलं गिळावं लागतं.

आता हा राग कुठून येतो ते सांगायला हवं.

धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अप्पा, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे. स्वतः काही वाजवायचे नाहीत, पण कान असा तयार की आतल्या खोलीत पेपर तपासत बसले असले तरी बाहेर एक मात्रा इकडची तिकडं झाली की त्यांचा खाकरा ऐकू यायचा. त्यांनी अण्णाला तबला शिकायला घातलं. मीही शिकणार म्हणाले, तर म्हणाले, “तू पेटी शिक. अण्णाच्या उपयोगाला येईल.” माझ्या नाही, अण्णाच्या. हे वाक्य त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं होतं की त्यात काही वावगं आहे हे कळायलाच मला पंचवीस वर्षं लागली.

तबलजी एकटा वाजवतो तेव्हा त्याला कुणीतरी पेटीवर एक छोटी ओळ सारखी वाजवून द्यावी लागते. ओळ संपली की परत तीच, तो थांबेपर्यंत. त्याला लेहरा म्हणतात. आजची पोरं कंप्युटरवर लूप लावतात ना, आमच्या घरातली लूप मी होते. दोन वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशातली. सकाळी साडेपाच ते सात, रोज. अण्णा एकच बोल फिरवत वाढवत नेणारे कायदे वाजवायचा, भरधाव धावणारे रेले वाजवायचा, त्यात शंभर गमती करायचा. मी तीच ओळ. मधे पाणी प्यायलाही त्यानं थांबल्याशिवाय उठायचं नाही.

आणि वर बोलणी. अण्णा जोरात वाजवायला लागला की हमखास मधेच थांबायचा, तबला सुरात लावायची हातोडी जमिनीवर आपटायचा आणि ओरडायचा, “तंगी, पळू नको!” धाकट्या बहिणीला आमच्यात कन्नडातलं तंगीच म्हणतात. “किती पळवशील? लय म्हणजे काय बस पकडायची आहे काय?” आतून अप्पांचा खाकरा यायचा. मग अप्पांचा आवाज, “तिला सांग मनात मोजत बस म्हणून.” मी मोजायचे. एक, दोन, तीन, चार. मोजता मोजता डोळ्यांतून पाणी यायचं. तरी सात वाजेपर्यंत मी पळतच असायचे म्हणे. मोठी झाले, पेटी बऱ्यापैकी वाजवू लागले, पण कुठं साथीला बसायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून टाळायचे. आपल्याला लय धरून ठेवता येत नाही हे मी स्वतःबद्दल असं मानून चालले होते, जसं एखाद्यानं आपल्याला चष्मा आहे हे मानावं.

पुढं मी पदार्थविज्ञान शिकले, विद्यानगरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले, हुबळीत घर केलं. लग्न झालं, मुलगा झाला, तो बाहेरगावी शिकायला गेला. रविवारी मात्र बसनं धारवाड. का? तर अण्णाला लेहरा द्यायला. एका रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. मी पेटीवर ती सोळा मात्रांची ओळ एकदाच वाजवली, लॅपटॉपवर घेतली, दोन्ही टोकं नीट कापून फिरत ठेवली आणि अण्णाला म्हटलं, “घे. ही दमत नाही, पळत नाही, आणि हिला पाणी लागत नाही.” ती माझी पहिली लूप. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला पोटभर झोप लागली.

त्याच सुमारास त्याला विद्यार्थ्यांसाठी आपलं वाजवणं रेकॉर्ड करून हवं होतं. तेही मीच करून दिलं. लेहरा त्याच्या कानात इअरफोनमधून, तबला समोरच्या माइकमधून, दोन्ही वेगवेगळे. त्यामुळं तबला स्वच्छ आला. भाचीनं म्हटलेली रेकॉर्डिंग ती हीच.

लग्नाच्या दीड महिना आधी मी विद्यानगरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर ती उघडून बसले. डीजेबरोबर वाजवायचं तर सलग रेकॉर्डिंग चालत नाही, त्याची गाणी लांबतात, आखडतात. म्हणून तुकडे पाडायचे: ठेक्याचा एक, कायद्याचे चार, असे. प्रत्येक तुकडा हवा तितका वेळ फिरवता येतो. शेवटी मात्र एक मिनिटभराचा रेला आणि त्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा, पूर्ण ठेवायची, न कापता. हे तुकडे डीजेच्या वेगाला जुळवायला कंप्युटरला तबल्याचा प्रत्येक आघात कुठं पडतो ते दाखवावं लागतं. मग तो सगळं ताणून, दाबून सरळ रेषेत बसवतो. मी पडद्यावर दोन पट्ट्या एकाखाली एक लावल्या. वरची माझ्या लेहऱ्याची, खालची अण्णाच्या तबल्याची.

ठेका जुळत होता. कायदे जुळत होते. रेला सुरू झाला, पहिली दोन आवर्तनं जुळली, आणि मग खालची पट्टी पुढं सरकायला लागली. केसभर. मग बोटभर. वरची पट्टी जागच्या जागी, कारण ती यंत्र होती. पळत होता तो अण्णा. मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तिथंही रेल्यात तेच. तिसऱ्यात तर तो मधेच थांबला आणि माइकमध्ये स्पष्ट ओरडलेला ऐकू आला, “हे यंत्र मागं पडायलंय बघ, तंगी!”

यंत्र मागं पडत नाही हो. यंत्राला मागं पडताच येत नाही. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सकाळी साडेपाचची ती सगळी वर्षं. हातोडी. अप्पांचा खाकरा. मनात मोजणारी मी. मी कधीच पळत नव्हते. तो पळायचा आणि मी त्याच्या मागं जायचे. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पोळ्यांचं पीठ भिजवायला घेतलं आणि त्याला असं तिंबलं की नवरा दारात येऊन बघून परत गेला.

रेला मी सरळ करून ठेवला. कंप्युटरनं अण्णाचा प्रत्येक आघात मागं ओढून जागेवर बसवला. एकही मात्रा हलत नाही असा तबला. लग्न पार पडू दे, मग बघते तुझ्याकडं, असं मी मनाशी ठरवलं.

तर दुर्गदबैलातली ती खोली. डीजेच्या यंत्रातून एक वायर माझ्या लॅपटॉपला दिली की त्याचा वेग माझ्या कंप्युटरला आपोआप कळतो, बाकी काही करावं लागत नाही. मी ती वायर घेऊनच गेले होते. त्यानं हात जोडले. “वायर ब्याड्री.” कधीतरी मिरवणुकीत कुणाच्या तरी असल्या वायरनं त्याचं यंत्र भर चौकात बंद पडलं होतं, लोकांनी शिव्या घातल्या होत्या. वायर नको, तुम्हीच मागून या. म्हणजे मी त्याच्या ठेक्याबरोबर एका कळीवर बोट मारत राहायचं, चार-आठ आघातांत कंप्युटर वेग पकडतो. त्यानं वेग बदलला की परत बोट मारायचं. पुन्हा पेटीच.

वेग पहिल्याच दमात जुळला. पण काहीतरी बसत नव्हतं. ठोक्यावर ठोका पडत होता, तरी ऐकताना मधेच तोंडातला घास निसटावा तसं होत होतं. आम्ही पाच-सहा वेळा केलं. शेवटी डीजेनं हेडफोन उतरवला आणि म्हणाला, “तबला तप्पैत्री, मॅडम.” तबला चुकतोय.

“तबला चुकत नाही,” मी म्हटलं. “तुमचं यंत्र तपासा.”

“बघा की. माझा बेस जिथं जोरात पडतो, तिथंच तुमचा तबला रिकामा होतोय.” त्याचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा चांगलं होतं. “माझं सगळं एकपासून सुरू होतंय. तुमचं एक कुठाय?”

मी त्याला चार शब्द सुनावले. माझ्या भावानं चाळीस वर्षं तबला वाजवला आहे, तुम्हाला एक आणि दोन शिकवायची गरज नाही, वगैरे. गंमत बघा, ज्या माणसावर मी जळत होते त्याच्या बाजूनं मी रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात भांडत होते. डीजेनं खांदे उडवले. हॉलवर बघू म्हणाला. मी जिना उतरून हातगाड्यांतून वाट काढत रिक्षापर्यंत आले.

लग्न हुबळी-धारवाड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. मुहूर्त सकाळचा, तो नीट लागला. रिसेप्शन संध्याकाळी साडेसहाला. चारच्या सुमारास पाहुणे पेंगत होते, नवरी पार्लरवालीच्या तावडीत होती, अण्णा स्टेजमागच्या खोलीत आडवा झाला होता. दार लावून घेतलंय, त्याला ऐकू जाणार नाही असं वहिनीनं सांगितलं, म्हणून मी आणि डीजे वाजवून बघायला लागलो. तेच. वेग जुळलेला आणि गाणं पोकळ. मी बोट मारतेय, तो मान हलवतोय. दहा मिनिटं झाली असतील.

काठीचा आवाज आला. अण्णा स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभा होता, सकाळचाच रेशमी सदरा, त्याला झोपेच्या सुरकुत्या.

“बंद कर.”

डीजेनंच बंद केलं.

“कुणाचा तबला हा?”

“तुझा,” मी म्हटलं.

“माझा असा नव्हता.” झटक्यापासून त्याचे शब्द थोडे जड येतात, पण हे अगदी मोजून आले. “खालीच्या मात्रेवर समेचं वजन टाकलं कुणी? कुठून तोडलीस आवर्तनं?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि तिथंच मला कळलं. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली सम, तिथं सगळं वजन. नववी खाली, तिथं डग्गा गप्प होतो, तबला हलका होतो. आमच्या घरात लेहरा कायम नवव्या मात्रेपासून उचलायची पद्धत होती. अण्णा हात वर करायचा, मी खालीपासून ओळ सुरू करायची आणि दोघांनी मिळून समेवर पोहोचायचं. पहिली मात्रा ही आमच्या घरात सुरुवात नव्हतीच, ती पोहोचायची जागा होती. मी प्रत्येक तुकडा हाताच्या सवयीनं नवव्या मात्रेपासून कापला होता. कंप्युटरला ती पहिली वाटली. डीजेचा सगळा जोर पडायचा तिथं माझा डग्गा गप्प. डीजे बरोबर होता.

“आपण खालीपासूनच उचलायचो,” मी म्हटलं.

“लेहरा उचलायचो. तबला समेपासून मोजतात. एवढी वर्षं माझ्याजवळ बसून इतकं कळलं नाही तुला?”

त्या अनोळखी माणसासमोर, पैठणी नेसलेल्या मला, नऊ वर्षांच्या पोरीला बोलावं तसं. मग मी काही राखलं नाही.

“इकडं ये,” मी म्हटलं. “काठी घेऊन ये, पण ये.” लॅपटॉपवर त्या दोन पट्ट्या उघडल्या. “ही लेहऱ्याची. ही तुझी. हा रेला. इथून बघ, इथून तू पळालास. यंत्र जागेवर आहे. मी तर खोलीतसुद्धा नव्हते, स्वयंपाकघरात वैनीबरोबर भाजी निवडत होते. आता बोल, कोण पळतंय?” आणि त्याचं ते ओरडणं मी हॉलच्या स्पीकरवर लावलं. हे यंत्र मागं पडायलंय बघ, तंगी. रिकाम्या हॉलमध्ये ते घुमलं. खुर्च्या मांडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

अण्णा पडद्याकडं बघत राहिला. मला वाटलं तो आरडाओरडा करेल, किंवा वळून खोलीत जाईल आणि रिसेप्शनला येणारच नाही, आणि भाचीच्या डोळ्यांतलं पाणी मला पुसावं लागेल. त्यानं शेजारची खुर्ची काठीनं ओढली आणि बसला.

“ठाऊक होतं मला,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून की. रेल्यात मी सुटायचो. तू माझ्याबरोबर यायचीस, म्हणून निभून जायचं.”

“मग मला का बोलायचास?”

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “अप्पा आत ऐकत बसायचे. कुणाचं तरी चुकायला पाहिजे होतं.”

हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं पाऊस आला म्हणून छत्री घेतली असं सांगावं. डीजे खाली वाकून कुठल्या तरी वायरी उगीचच गुंडाळत होता. त्याला सगळं मराठी समजत होतं. मला अण्णाला मारावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच वाटलं. एक हात लुळा असलेल्या, ज्याच्या मुलीचं सकाळीच लग्न लागलंय अशा माणसाला. मी म्हटलं, “माझं चुकायला पाहिजे होतं. कुणाचं तरी नव्हे.”  मी लॅपटॉप उचलला आणि नवरीच्या खोलीशेजारच्या सामानाच्या खोलीत, आहेरांच्या खोक्यांवर जाऊन बसले.

तुकडे दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. प्रत्येकाचं तोंड आठ मात्रा सरकवायचं, एवढंच काम. राहिला रेला. त्याची सुरुवात समेवर आणली, आणि मग माझं बोट सरळ करायच्या बटणावर थांबलं. ते बटण चालू होतं तोवर अण्णा एकदम शहाण्यासारखा वाजवत होता. चाळीस वर्षांत जे त्याला कधी जमलं नाही ते मी त्याला फुकट देऊन टाकलं होतं. वर परत चूक झालीच असती तर ती कंप्युटरवालीची ठरली असती. मी बटण बंद केलं. हे मी मायेपोटी केलं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मला तो भर मांडवात पळालेला हवा होता. त्याच्या मुलीला त्याचा खरा तबला ऐकायला मिळेल हा विचार मला पुढच्या आठवड्यात सुचला, तेव्हा तो मी स्वतःला समजवायला वापरला.

साडेसातला आमची सात मिनिटं आली. अण्णा पहिल्या रांगेत बसला होता. तो आला, ही गोष्ट मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते. भाची आणि नवरा मुलगा मधे उभे. डीजेनं ठेका सुरू केला, मी कळीवर बोट मारलं, कंप्युटरनं वेग पकडला आणि मी पहिला तुकडा सोडला. बेस पडला तिथं डग्गा पडला. अख्ख्या हॉलच्या जमिनीत तो गेला. भाचीनं वळून आपल्या बापाकडं बघितलं आणि नाचायला लागली. डीजेनं माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. जेवायला उठतात म्हणे लोक. एकही माणूस उठला नव्हता. अण्णाचा डावा हात गुडघ्यावर डग्ग्याचे बोल वाजवत होता आणि उजवा मांडीवर पडून होता. मी तिकडं फार वेळ बघू शकले नाही.

मग रेला. पहिली दोन आवर्तनं नीट. तिसऱ्यात अण्णा सुटला. ठोका पुढं, डीजेचा ठेका मागं, दोघांमध्ये फट. डीजे दचकला, हेडफोन दाबून माझ्याकडं वाकला. “तप्पैत्री मॅडम! बोट मारा, बोट!”

मी दोन्ही हात कळांवरून उचलून पदरात घेतले.

“ई सल नीवु फॉलो माड्री,” मी म्हटलं. या वेळी तुम्ही या मागून.

त्यानं दाबून धरलेला हेडफोन सोडला. मग त्याचा हात वेगाच्या पट्टीवर गेला आणि त्यानं ती वर सरकवायला सुरुवात केली. अण्णा पळतोय, तो मागं. परत पळतोय, परत मागं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला ते काम ठाऊक होतं, किती कठीण असतं ते. आणि तो ते चोख करत होता, एक शब्द न बोलता. तिहाईचा शेवटचा धा आणि त्याचा बेस एकदम पडले. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. बहुतेकांना काही कळलंच नाही.

एकाला कळलं. धारवाडचे एक वयस्कर पेटीमास्तर, अप्पांचे स्नेही, लहानपणी माझी बोटं धरून मला सूर दाखवलेले. ते जेवायला जाता जाता पहिल्या रांगेपाशी थांबले. मी वायरी काढत होते. अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून ते माझ्याकडं बघत हसले आणि म्हणाले, “शेवटी पळवलंसच की गं, तंगी. लहानपणची सवय, कंप्युटर घेतला तरी जात नाही बघ.”

 मी अण्णाकडं बघितलं. नुसतं बघितलं.

“ती नव्हे,” अण्णा म्हणाला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. “मी पळालो. लहानपणीही मीच पळायचो.”

“बरं बरं,” मास्तर म्हणाले. त्यांना नीट ऐकूच गेलं नसावं, पंगत सुटायच्या आत त्यांना पोहोचायचं होतं. ते गेले. अण्णा माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी हातातली वायर गुंडाळत राहिले. ज्या वाक्यासाठी मी नऊ वर्षांची असल्यापासून मात्रा मोजत बसले होते ते वाक्य शेवटी आलं, आणि आतल्या खोलीत बसून ज्यांनी ते ऐकायला हवं होतं ते अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली होती.